पान दोनशे चौदावरचा तिसरा भाऊ

बाइंडरकाकांना घराण्यात कुणी फारसं मनावर घेतलं नाही, आणि घराण्याला त्यांच्याइतकं मनावर दुसऱ्या कुणी घेतलं नाही. चाळीस वर्षं हा माणूस एका छापखान्यात पुस्तकं बांधत होता. छापील कागदाची घडी घालायची, हाडाच्या पट्टीने दाबायची, सुईने शिवायची, पाठीला सरस लावायचा. पुस्तकं दुसऱ्यांनी लिहिलेली, वाचणारेही दुसरेच. चाळिशी उलटली तेव्हा डोक्यात कुठलं भूत शिरलं कोण जाणे, पण एक पुस्तक स्वतःचं करायचं असं त्यांनी ठरवलं. आता लिहिता काय येत होतं, तर नावं. मग आपल्या आडनावाच्या झाडून सगळ्या माणसांचं पुस्तक करायला घेतलं.

आडनाव तसं विचित्रच. ऐकणारा दोनदा विचारायचा आणि तिसऱ्यांदा हसायचा. टेलिफोनच्या जाडजूड पुस्तकात त्या आडनावाची उणीपुरी अकरा माणसं. काका रविवारी डबा घेऊन बसने निघायचे, अनोळखी दारावरची घंटी दाबायचे आणि दार उघडणाऱ्याला विचारायचे, तुमच्या आजोबांच्या वडिलांचं नाव काय हो? कुणी चहा दिला, कुणी कुत्रं अंगावर सोडलं. बत्तीस वर्षांत अकराशे चाळीस माणसं जमली, जिवंत आणि मेलेली धरून. नाव, जन्म, मृत्यू आणि शेवटचा रकाना नात्याचा. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला की काकांना घास गोड लागत नसे. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, ती म्हणायची, अरे, एक लग्न केलं असतंस तर चार नावं बसल्या जागी मिळाली असती, तंगडतोड वाचली असती.

एका दुपारी पाण्याचं मीटर बघायला माणूस आला. जिन्याखाली गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात आकडा वाचत होता. अंगाने किरकोळ, कपाळावर आठी, छातीवर बिल्ला. काकांनी चष्मा पुसून बिल्ला पुन्हा वाचला. त्यावर त्यांचंच आडनाव होतं. त्या दिवशी मीटरवाल्याला पुढची तेरा घरं करता आली नाहीत, कारण काकांनी त्याला खुर्चीत बसवला तो संध्याकाळपर्यंत उठू दिला नाही.

निघालं काय, तर काहीच नाही. मीटरवाल्याचा बाप परक्यांच्या घरी वाढलेला, मालट्रकवर क्लीनर होता. पोरगा सहा वर्षांचा असताना गेला. जाताना एवढंच म्हणाला, की दुसरं काही नाही आपल्याकडे, पण आडनाव विसरू नकोस. पोरगा विसरला नाही. पण या आडनावाचा दुसरा माणूस वयाच्या पन्नाशीपर्यंत त्याने पाहिला नव्हता. बिचाऱ्याला वाटायचं, बापानेच ते कुठूनतरी उचललं असावं.

त्या दिवसापासून मीटरवाला दर रविवारी येऊ लागला. काका त्याला नुसतं ‘मीटर’ म्हणत, तो त्यांना दादा म्हणे. कागद दाबायला, दोऱ्याला मेण लावायला मदत करी आणि निघताना दारात विचारी, “लागला का धागा, दादा?” काका सांगत, बघतोय. खरंच बघत होते. तीन वर्षं त्यांनी शाळांचे जुने दाखले पालथे घातले, दवाखान्यांची जन्मनोंद बघितली, कचेऱ्यांमधल्या कारकुनांची मनधरणी केली. मीटरच्या आजोबांचं नाव मिळालं. त्यामागे काळोख.

मग मीटरची बायको आजारी पडली. डॉक्टरांनी हात टेकले. त्या रविवारीही तो आला, कागद दाबत बसला, पण निघताना धाग्याचं विचारलं नाही. काकांनीच विषय काढला, तेव्हा म्हणाला, “राहू दे दादा. काही पानं सुटीच असतात. तुमच्या कामात तुम्हाला काय सांगायचं.”

सुटं पान हा बाइंडरच्या जातिवंत रागाचा विषय. काकांना ते वाक्य झोंबलं. तीन पिढ्यांमागे घराण्याचे दोन भाऊ नोंदलेले होते, एकाची पुढे समुद्राकडची शाखा झाली, दुसऱ्याची डोंगराकडची. दोघांच्या जन्मात नऊ वर्षांचं अंतर. नऊ वर्षांत एखादं मूल सहज बसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी हात स्वच्छ धुऊन काकांनी पान दोनशे चौदावर दोघांच्या मध्ये एक तिसरा भाऊ लिहिला. त्याला नाव दिलं, अंदाजे साल दिलं आणि पुढे चार शब्द घातले: लहानपणीच घर सोडून गेला. त्याच्याखाली मीटरचे आजोबा, बाप आणि मीटर. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. आयुष्यात हा माणूस बसचं तिकीट काढल्याशिवाय बसला नव्हता, आणि लबाडी केली ती अशी, वळणदार अक्षरात.

मीटरने ते पान उभ्याउभ्या वाचलं. मग विचारलं, हा रागावून गेला असेल का? काका म्हणाले, असेल. मीटर म्हणाला, मीपण रागीट आहे. आणि तसाच दवाखान्यात बायकोकडे गेला. ती आठ दिवसांनी गेली. त्यानंतर काका त्याला मीटर म्हणेनासे झाले, भाऊ म्हणू लागले. घराण्यात तो मीटरभाऊ झाला.

पुढची सोळा वर्षं या दोन म्हाताऱ्यांनी काय सुखात घालवली म्हणून सांगावं. तिसरा भाऊ त्यांच्यात तिसऱ्या खुर्चीवर बसावा तसा राहायला आला. मीटरभाऊ त्याच्याबद्दल बोलताना थांबत नसे. तो उंच नसणार, कारण आमच्यात कुणी उंच नाही. त्याला पोहता येत नसणार. थोरल्याने कानाखाली वाजवली असेल, म्हणून गेला असेल. काकाही मान डोलवत आणि भर घालत. होता होता त्यांनाही वाटू लागलं, की असेलही बाबा, आपल्याला काय माहीत. खोटं रोज बोललं की घरचं होतं.

घराण्याच्या मंडळाचं एक बैठं घर होतं. पुढे सभेची खोली, मागे एक लहान खोली. ज्याला कुणी नाही अशा रक्ताच्या माणसाने मागच्या खोलीत राहावं, असा नियम. मीटरभाऊ राहायचा ती इमारत पाडली तेव्हा काकांनी पुस्तक उघडून पान दोनशे चौदा मंडळापुढे ठेवलं आणि खोली मिळवून दिली. मीटरभाऊने तिथे एक खाट टाकली आणि भिंतीवर वंशवृक्षाची चौकट लावली. त्या झाडावरच्या आपल्या नावाच्या पानावर त्याने पेन्सिलने बारीक ठिपका दिला होता, आल्यागेल्याला दाखवायला.

आता समुद्राकडचे आणि डोंगराकडचे यांचं भांडण जुनं. आपण मूळचे मिठागरातले, की मेंढरं राखणारे? दरवर्षी सभेत यावर तास दीड तास जायचा. शेवटी नवा सेक्रेटरी, म्हणजे काकांचा चुलत पुतण्या, म्हणाला की वाद कशाला, डीएनए तपासू. प्रत्येक शाखेतल्या एका पुरुषाने एका नळीत थुंकायचं, प्रयोगशाळा सांगेल आडनाव कुठून आलं आणि कोण कुणाचं. सोळा शाखा, सोळा नळ्या. बायकांची थुंकी चालणार नाही, कारण ही खूण बापाकडून मुलाकडेच जाते. यावर अक्का म्हणाली, लग्नात आमचं आडनाव बदललंत ते कळलं, थुंकीपण बदलली हे आज कळलं. सगळे हसले. काका हसले नाहीत. चोराच्या मनात चांदणं.

काकांनी म्हणून बघितलं, की एवढं पुस्तक असताना तपासणी हवी कशाला? सेक्रेटरी सरळ मनाने म्हणाला, काका, तुमचं पुस्तक बरोबर आहे हे जगाला कळावं म्हणूनच तर. वर हेही म्हणाला की खोलीच्या नियमाचंही एकदा पक्कं होऊन जाईल. कुणाचं नाव घेतलं नाही. पण काकांची पाचावर धारण बसली. थुंकी खोटं बोलणार नाही, मीटरभाऊ परका ठरेल आणि एकोणसत्तराव्या वर्षी खाट डोक्यावर घेऊन रस्त्यावर येईल. एवढं एकच त्यांना दिसत होतं.

आणि मीटरभाऊ? तो हरखला होता. तिसऱ्याचा पुरावा मिळणार म्हणून नमुना द्यायला तो पहिला आला. दोन तास आधीपासून पाणीसुद्धा प्यायला नव्हता. नळीत रेघेपर्यंत थुंकला, झाकण लावलं तसं आतलं निळं औषध खाली उतरलं. त्याने नळी उजेडात धरून बघितली आणि जपून काकांच्या हातात दिली. नळ्या गोळा करून त्यावर नावं डकवायचं काम अर्थात काकांकडे होतं, कारण घराण्यात अक्षर त्यांचंच चांगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी दाराला कडी घातली. पेटीत दोन नळ्या जादा होत्या. किटलीच्या वाफेवर मीटरभाऊच्या नावाची, प्रयोगशाळेचा आकडा छापलेली चिठ्ठी सैल केली, हाडाची पट्टी खाली सरकवून न फाटता सोडवली आणि कोऱ्या नळीवर डकवली. बोटांना ते सवयीचंच. मग स्वतःच्या नळीत थुंकले, आणि मीटरभाऊच्या नावाच्या नळीतही थुंकायला बसले. पण भीतीने तोंडचं पाणी पळालेलं. लिंबू आठवून बघितलं, जीभ चावून बघितली, पाऊण तास लागला. जन्मात कुणाची थुंकी झेलली नाही असं अभिमानाने सांगणारा हा माणूस, स्वतःच्या थुंकीसाठी असा तळमळत होता. त्यांचा हिशोब साधा होता. माझी थुंकी घराण्याची, ती त्याच्या नावावर गेली म्हणजे तोही घराण्याचा. फार तर दोघं सख्खे भाऊ दिसू, आणि त्यात वाईट काय? थुंकीवरून माणूससुद्धा ओळखतात, हे पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

मीटरभाऊची खरी नळी मात्र त्यांच्याने फेकवेना. ती त्यांनी सुया-दोऱ्याच्या खणात मागे ठेवून दिली.

सहा आठवड्यांनी सभा भरली. सेक्रेटरीने अहवाल वाचला. सगळे सोळा नमुने एकाच कुळाचे. समुद्राकडचे आणि डोंगराकडचे एकाच बापाची लेकरं. मूळ कुठलं, तर प्रयोगशाळेने नकाशावर एक मोठा भुरकट पट्टा रंगवला होता, त्यात समुद्रही होता, डोंगरही होता आणि अर्ध्या दुनियेची माणसं होती. दोन्ही बाजू सारख्याच चिडल्या. काकांनी मात्र सुस्कारा सोडला. मीटरभाऊने शेजारून त्यांच्या मांडीवर थाप मारली. त्याचे डोळे भरले होते.

सेक्रेटरीने पान उलटलं. खाली एक टीप होती, ती त्यालाही नवीनच असावी, कारण तो अडखळत वाचत होता. नमुना नऊ आणि नमुना सोळा हे एकाच व्यक्तीचे आहेत, किंवा एकसारख्या जुळ्या भावांचे. नऊ म्हणजे बाइंडरकाका. सोळा म्हणजे मीटरभाऊ.

मागून कुणीतरी म्हणालं, पाच वर्षांच्या अंतराने झालेले जुळे. हशा पिकला. मीटरभाऊही हसला, प्रयोगशाळेवाले गोंधळले वाटतं, असं म्हणत दादाकडे वळला. दादाचा चेहरा बघून त्याचं हसू तिथेच राहिलं. अक्काने कपाळाला हात लावला.

मागच्या खोलीत दोघंच बसले, एक खाटेवर, एक स्टुलावर. मीटरभाऊने विचारलं, “माझी नळी कुठे गेली?”

“खणात आहे. माझ्याकडे.”

“का?”

काकांनी सगळं सांगितलं. नऊ वर्षांचं अंतर, धुतलेले हात, चार शब्द. काही लपवलं नाही, आणि आता लपवायला उरलंही काय होतं. मीटरभाऊ भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होता.

“म्हणजे तिसरा नव्हताच.”

“मला सापडला नाही, भाऊ.”

“सापडला नाही, की नव्हता?”

“मी लिहिला.”

बाहेर सभेच्या खोलीत खुर्च्या घडी करून ठेवल्याचे आवाज येत होते. मग मीटरभाऊ म्हणाला, “बायको जाताना मी तिला सांगितलं, की आपली माणसं सापडली, तू परक्यांत मरत नाहीस. ती हसली होती, दादा.” चौकटीवरची नजर काढून तो काकांकडे वळला. “तुम्ही मला नुसतं भाऊ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कुठे पुरावा मागितला होता?”

मागितला होता, दर रविवारी दारात उभं राहून मागितला होता. पण हे काही तोंडावर बोलायचं नसतं.

सेक्रेटरी काही दुष्ट नव्हता. तो म्हणाला, खरी नळी आहे ना, मग पाठवू या. मीटरभाऊने सहीचा कागद द्यावा. जुळलं तर खोली त्यांचीच. आणि जुळेलही, कुणी सांगावं, आडनाव काही आभाळातून पडलं नसेल. काकांना तेवढा एकच आधार वाटला. पण मीटरभाऊने सही दिली नाही. म्हणाला, एकदा थुंकलो ते पुरे. आता जुळलं तरी लोक म्हणतील म्हाताऱ्यांनी पुन्हा काहीतरी केलं, आणि नाही जुळलं तर मी कुठे जाऊ? चौथ्या दिवशी त्याने खाट उचलली आणि पालिकेच्या वृद्धाश्रमात गेला. चौकट भिंतीवरच राहिली. फक्त उलटी करून, तोंड भिंतीकडे करून लावली होती.

पान दोनशे चौदा पुस्तकातून काढावं असं सभेने ठरवलं. दुसऱ्या कुणाला ते काम देववेना, म्हणून काकांनीच केलं. आता पुस्तक शिवलेलं असलं की एक पान एकटं नसतं. घडीच्या एका बाजूचं पान कापलं की त्याच कागदाचं दुसऱ्या बाजूचं पान निराधार होतं आणि दोन-चारदा उलटलं की हातात येतं. दोनशे चौदाचं जोडपान दोनशे एकोणीस. त्यावर खुद्द काकांची नोंद होती. पुस्तक बांधताना हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि गंमत वाटली होती. आता ब्लेड चालवताना गंमत वाटली नाही. वर्ष संपायच्या आत ते पान निखळलं, आणि सरस लावायची काकांना इच्छा झाली नाही.

बाकी घराणं शाबूत होतं. तपासून, शिक्का मारून रक्ताची ठरलेली माणसं. त्यातलं कुणी काकांच्या दारी आलं नाही. अक्का तेवढी यायची, तिचे गुडघे गेल्यावर तीही बंद झाली. रविवारी काका कागद दाबायला बसत, पण मेणाचा दोरा दोन्ही टोकांनी ओढायचा तर एक माणूस कमी पडे.

सात महिने त्यांनी धीर धरला. मग एका सकाळी खणातली नळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात घातली, सहीचा कागद घेतला आणि दोन बस बदलून वृद्धाश्रमात गेले. म्हणायचं काय ते वाटेत पाठ केलं होतं. सही दे. जुळलं तर तुझं, नाही जुळलं तर नळी दोघं मिळून फोडू आणि विसरून जाऊ.

फाटकाशी टेबलावर भेटणाऱ्यांची वही होती. एक मुलगी बसली होती, बोलायला बरी. वहीत नाव, वेळ आणि शेवटचा रकाना नात्याचा. काकांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली आणि थांबले. अकराशे चाळीस माणसांचा हा रकाना त्यांनी भरला होता. मुलगी म्हणाली, आजोबा, ते भरल्याशिवाय आत सोडता येत नाही. काकांनी पेन नीट धरलं आणि पहिल्यांदाच, कुठलाही कागद न बघता, लिहिलं: भाऊ.

मुलगी वही घेऊन आत गेली. काका उभे राहिले. खिशात नळी चाचपून बघितली. आत कुठेतरी नळाखाली बादली भरत होती, भरून वाहू लागली, कुणीतरी येऊन नळ बंद केला.

मुलगी परत आली तेव्हा तिला जरा अवघडल्यासारखं झालं होतं. “आजोबा, ते म्हणतात, मला कुणी भाऊ नाही. तुमची काहीतरी चूक होतेय.”

“बरोबर आहे त्यांचं,” काका म्हणाले.

तिने पट्टी घेतली आणि त्यांच्या नावाची अख्खी ओळ सरळ खोडली. काकांनी वाकून बघितलं, रेघ अगदी नीट आली होती. मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, मुलीला येतो म्हणाले आणि बसच्या थांब्याकडे चालू लागले.